आत्या, ही उचल नाही

तीर्थस्वरूप आत्यास,


हे पत्र तुला नात वाचून दाखवेल. तिला सांग, भरभर वाचू नकोस. मध्येच तुला राग आला तर तिला थांबवून ठेव, पण पत्र शेवटपर्यंत ऐक.

मागच्या पंधरवड्यात मी गावी आले होते. म्हातारपणाच्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज पिशवीतून काढला, तशी तू चुलीपुढून उठून गोठ्यात गेलीस. बऱ्याच वेळानं हात धुऊन आलीस आणि अर्जाकडे न बघताच म्हणालीस, "मी निराधार न्हाई. दोन लेकी हायेत, दोन हात हायेत. आन फुकटचं कुनी काय देत नसतंय. आज उचलायचं, उद्या फेडायचं." मी तेव्हा काही बोलले नाही. एसटीत बसल्यावर तुझं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तू नुसता मान राखत नव्हतीस. तुला भीती वाटत होती. ती कशाची, हे मला फार उशिरा कळलं.

तू पंचवीसहून जास्त हंगाम ऊसतोडीचा कोयता चालवलास. दसऱ्याआधी मुकादम यायचा आणि आतोबांच्या हातावर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, ठेवायचा. त्या पैशातून आधीचं देणं फिटायचं, घराची एखादी भिंत उभी राहायची, एका मुलीचं लग्नसुद्धा त्याच पैशात झालं. मग चार-पाच महिने फडावर, पाचटाच्या खोपीत. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. ताप आला म्हणून बसलं की खाडा. हंगाम संपताना हिशेब व्हायचा आणि बहुतेक वेळा तुमच्याकडंच काही तरी फिरायचं. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत वळतं व्हायचं. आयुष्यात तुझ्या हाती एकरकमी जो पैसा आला, तो सगळा असाच आला. त्याच्या मागोमाग कोयता यायचाच. मग सरकार महिन्याला 1500 रुपये देणार म्हटल्यावर तू विचारणारच, की याचा कोयता कुठं आहे?

आत्या, याला कोयता नाही. एवढं एकच सांगायला हे पत्र लिहिते आहे. छापायलाही देते आहे, कारण मदतीचा पैसा म्हणजे लाज किंवा फास असं समजून घरात बसलेल्या बाया आपल्या गावात तुझ्याशिवाय आणखी चार-पाच तरी आहेत. आणि शहरात बसून "फुकटचे पैसे लोकांना आळशी करतात" असं म्हणणारी माणसं तर माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. पत्र त्यांनीही वाचावं.

तुला 72 चा दुष्काळ आठवतो. तेव्हा तू तेरा-चौदा वर्षांची होतीस. आजीबरोबर खडी फोडायला जायचीस, हे तूच मला सांगितलंस. दुपारी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, म्हणायचीस. पण घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून तीच खाल्ली. त्या मदतीनं माणसं जगली, हे खरं. पण काय खायचं ते बोटीतून आलेल्या धान्यानं ठरवलं. आजीला तेव्हा विचारलं असतं तर तिनं मिलोऐवजी थोडी कमी का होईना आपली ज्वारी, मीठ-मिरची आणि तुझ्या पायाच्या जखमेवर लावायला मलम मागितलं असतं. तिला विचारायला कुणी आलं नाही. हाती पैसा असता तर कुणी विचारायची गरजच पडली नसती.

त्याच दुष्काळातून आपल्या महाराष्ट्रानं एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 1979 मध्ये तो लागू झाला. या कामासाठी पैसा कुठून आणायचा? म्हणून 1975 पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायला सुरुवात झाली. तो कर आजही आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. मला ते कधी जड गेले नाहीत. पगाराच्या कागदावर ती ओळ दिसली की मला खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेली तू दिसतेस. आणि तू तरी कर भरत नाहीस असं कोण म्हणतं? तेल, साबण, चहा, चपला विकत घेताना तू सरकारला काही ना काही दिलेलं असतंस. त्यातलं थोडं म्हातारपणी परत येतं. त्यात मिंधेपण कुठं आलं?

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला तीस वर्षांत सांगितली नाही.

माझी दहावी होती, त्या हंगामाला तू फडावर गेली नाहीस. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून आतोबा एकटेच अर्धा कोयता म्हणून गेले आणि उचलही अर्धीच आली. आई-दादा दोघंही फडावर, मग माझ्या जेवणाखाण्याला, अभ्यासाला घरी कुणी तरी हवं म्हणून तू राहिलीस. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली आणि घरात पैसे नव्हते. तू गाभण शेळी विकलीस. दारात आलेल्या व्यापाऱ्यानं तुझ्या तोंडाकडे बघूनच भाव ओळखला. महिनाभर थांबता आलं असतं तर शेळी व्याली असती, दोन करडं आणि दूध घरात आलं असतं. तुला थांबता आलं नाही. त्या दिवशी तुझ्याकडे तीनशे-चारशे रुपये असते तर ती शेळी वाचली असती. पुढं कित्येक वर्षं दावणीची ती जागा मोकळीच होती.

तू पैसे माझ्या हातात ठेवलेस आणि हिशेब मागितला नाहीस. फॉर्म भरून जे उरले त्यातून मी कंपासपेटी घेतली आणि एक तांबडी रिबीनही घेतली. रिबिनीचं तुला सांगितलं नाही. वर्गात मला ऊसतोड्याची पोर म्हणायचे. ती रिबीन बांधून मी परीक्षेला गेले आणि मान वर करून बसले. ते पैसे वाया गेले का, आत्या? मला वाटतं, नाही. त्या पैशाचं काय करायचं हे मला ठाऊक आहे, एवढंच तुझ्या दृष्टीनं पुरेसं होतं. गरिबाच्या हातात पैसा ठेवून हिशेब न मागणं ही कल्पना आता जगभर मोठमोठे अभ्यासक मांडतात. मी ती तुझ्याकडून शिकले.

हिशेब न मागता पैसा दिला तर लोक दारू पितात, काम सोडतात, असं आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येही मी ऐकते. हे खरं की खोटं, ते लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. इंदूरच्या बाजूला, मध्य प्रदेशातल्या खेड्यांत, 2011-12 मध्ये सेवा या कष्टकरी बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला, श्रीमंत-गरीब न बघता, दर महिन्याला पैसे दिले. आधी मोठ्या माणसाला 200 आणि लेकराला 100, नंतर 300 आणि 150. लेकराचे पैसे आईच्या हातात. तशाच बारा गावांना काहीच दिलं नाही, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. एका आदिवासी गावातही असेच पैसे दिले. अट कसलीच नव्हती. दारू वाढली नाही. लेकरांची वजनं सुधारली, आणि त्यात मुलींची जास्त. शाळेवरचा खर्च वाढला. लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बी-बियाणं घेतलं, काहींनी सावकाराचं देणं हलकं केलं. कामाचं म्हणशील तर दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी कमी करून माणसं आपल्या स्वतःच्या तुकड्यात राबायला लागली. तुझ्यासारखीला यात नवल वाटणार नाही. ज्याच्या घरात दोन पैसे आहेत, तो "या भावात मी येणार नाही" असं म्हणू शकतो. त्याला आळशी म्हणायचं धाडस मला तरी होत नाही.

आणखी लांबचं सांगते. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथल्या सियाया भागात एका संस्थेनं साडेदहा हजारांच्या आसपास कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1000 डॉलर दिले, 653 खेडी धरून हा अभ्यास झाला. पैसे कुणाला द्यायचे हे त्यांनी कसं ठरवलं असेल? ज्याच्या घरावर गवताचं छप्पर, त्याला. दाखला नको, शिक्का नको, मान वर करून छपराकडे बघायचं. पैसे मिळालेल्या पुष्कळ घरांनी आधी पत्रे टाकले. पत्रा ही मोठ्या माणसांना चैन वाटेल. पण पाचटाच्या खोपीत पावसाळी रात्र काढलेली बाई जाणते, की गवत दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्याला पैसे लागतात, आणि ओल्या घरात लेकरं आजारी पडतात. तिथं दुसरी एक गोष्ट दिसली ती मला फार मोलाची वाटते. पैसे न मिळालेल्या शेजारघरांचंही उत्पन्न आणि खर्च वाढला, कारण सुताराला काम मिळालं, दुकानदाराचा माल खपला, गाडीवाल्याला भाडं मिळालं. दिलेला एक रुपया त्या मुलखात फिरून अडीच रुपयांच्या आसपास झाला आणि बाजारात महागाई जवळपास वाढलीच नाही.

आपल्याकडं हे रोज दिसतं. 2024 च्या रक्षाबंधनाच्या सुमारास लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून 3000 रुपये आले, तेव्हा मी गावातच होते. बँक मित्राच्या दुकानापुढं रांग लागली होती. वेशीजवळच्या घरातल्या सुनेनं आधी गिरणीवाल्याची आणि किराणावाल्याची उधारी मिटवली. दुसरीनं बचत गटाचा हप्ता भरला, म्हणजे त्या आठवड्यात तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तिसरीनं चष्मा केला. चाळीस वर्षांची बाई, पाच वर्षं सुईत दोरा लेकीकडून ओवून घेत होती. चौथीनं साडी घेतली, आणि पारावर चर्चा झाली ती फक्त त्या साडीची. त्या साडीबद्दल बोलणाऱ्यांना मी माझ्या रिबिनीचं सांगायला हवं होतं. ते धैर्य मला त्या दिवशी झालं नाही. आज लिहिते आहे.

तुला त्यातलं काही मिळालं नाही, कारण ती योजना पासष्टीपर्यंतच आहे आणि तू तेव्हा ती ओलांडली होतीस. दादांच्या खात्यावर किसान सन्मानचे वर्षाला 6000 येतात, दोन-दोन हजार करून, 2019 पासून. राज्य त्यात आणखी 6000 घालतं. ते शेतकऱ्याला मिळतात, म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. तुझं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नाही. माहेरच्या जमिनीवरचा हक्क तू सोडलास, सासरची जमीन आतोबांच्या आजारपणात गेली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईला "शेतकरी" म्हणणारा कागद आपल्याकडं नाही. म्हणून ही म्हातारपणाची योजना तुझ्यासाठी आहे, आणि तुझ्या नावावर येणारा तो पहिला पैसा असेल. तुझ्याच नावावर. आतोबांच्या नाही, मुकादमाच्या वहीत नाही.

या योजनेत सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. मला तिच्या काही गोष्टींचा राग आहे आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. पहिला राग उत्पन्नाच्या अटीचा. वर्षाला 21,000 रुपयांच्या आत उत्पन्न हवं. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. त्या दरानं एखादी बाई वर्षात अडुसष्ट दिवस कामावर गेली, की कागदावर ती गरीब उरत नाही. तेव्हाचा कायदा शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता, आणि त्या हमीइतकं काम केलं तर म्हातारपणीचा आधार जायचा. हा आकडा ज्यांनी इतकी वर्षं बदलला नाही, त्यांनी तो बदलायला हवा. दुसरं, केंद्राचा वाटा. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी केंद्र महिन्याला 200 रुपये देतं आणि दीड दशकाहून जास्त काळ तो आकडा तिथंच आहे. बाकीचं राज्य घालतं म्हणून 1500 होतात. तिसरं, पैसे वेळेवर येत नाहीत. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. पंधराशेचं सगळं बळ ते कोणत्या तारखेला येतात यात आहे. तारीख पक्की असेल तर दुकानदार उधार देतो, गोळ्या संपायच्या आधी आणता येतात, शेळी विकावी लागत नाही. तारीख हुकली की तीच रक्कम नुसती उधारी मिटवण्यात जाते.

आणि मुख्य म्हणजे पैसा दिला म्हणून दवाखाना, शाळा, रेशन आणि कामाची हमी यांतून सरकारनं अंग काढून घ्यायचं नाही. पंधराशेत बीपीच्या गोळ्या येतील, पण आरोग्य केंद्रात डॉक्टरच नसेल तर त्या लिहून कोण देणार? जो म्हणतो, की आता रोख देतो, बाकीचं बंद करा, तो गरिबाच्या एका हातात ठेवून दुसऱ्या हातातलं काढून घेतो. मी या पैशाच्या बाजूची आहे, पण त्या व्यवहाराच्या बाजूची नाही.

तुझी दुसरी शंका मताची होती. "घेतलं की मत द्यावं लागंल," म्हणालीस. निवडणुका तोंडावर आल्या की पैसे वाटायची घाई होते, हे तुला दिसतं आणि ते खरंही आहे. पण आत्या, तो पैसा कुणा पुढाऱ्याच्या घरचा नाही. त्यात माझ्या पगारातले 200 आहेत, तुझ्या साबण-तेलातले आहेत. पैसे घेऊन तू ज्याला वाटेल त्याला मत दे. पडद्याआड बटण दाबताना कुणाची वही उघडी नसते. गावात कुणी "आम्ही दिलं" म्हणत आलं तर त्याला सांग, की माझ्या भाचीनं दिलं.

राहिला तो शब्द, निराधार. तो मलाही आवडत नाही. तुझ्या योजनेच्या नावात तो शब्द नाही, तिथं श्रावणबाळाचं नाव आहे. गावात मात्र सगळ्याच योजनांना निराधारच म्हणतात. पण तुझ्या वयाच्या बाया बँकेपुढं एकमेकींना काय विचारतात, ऐकलंस का कधी? "पगार आली का गं?" त्यांनी तो शब्द स्वतःच बदलून घेतला. पंचवीस हंगाम फडावर राबून जिला एका दिवसाची पेन्शन मिळाली नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. तिला उतारवयात मिळणाऱ्या पैशाला पगार म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तुझी ही राहिलेली पगार आहे.

मी येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो एका पिशवीत काढून ठेव. उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी आपण दोघी मिळून तलाठ्याकडं जाऊ. वयाचा पुरावा नसला तरी काळजी करू नकोस, सरकारी दवाखान्यात वयाचा दाखला करून मिळतो. कोयत्यानं तुझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, मशीनवर ठसा लागायला त्रास होतो, म्हणून रविवारी रात्री हाताला खोबरेल चोळून झोप. नाहीच लागला अंगठा, तर दुसरं बोट लावू. ते झालं नाही तर मंगळवारी परत जाऊ. मी दोन दिवसांची रजा टाकली आहे.

तुझी,
भाची